बिरदेव बँकॉकला गेला, त्याची गोष्ट

जळोचीत एक बातमी पक्की होती : आमच्या शेजारचा बिरदेव बँकॉकला मजा मारायला गेला आणि त्यापायी नोकरी घालवून बसला. पिठाच्या गिरणीत बायका त्याच्या प्रयागबाईला विचारायच्या, "काय गं, मालकांनी तिकडनं काय आणलं?" ती खाली मान घालून डबा उचलायची. बातमी पसरवण्यात माझाही हात होता, कबूल करतो. माणूस बँकॉकला जातो आणि तोंड पाडून परत येतो, तर आमच्यासारख्यांनी गप्प बसायचं कसं?

निघालं वेगळंच. बँकॉक त्यानं पाहिलं ते खिडकीतून. चार दिवस बंद सभागृहात होता. आशियातल्या दहा-बारा देशांचे कामगार जमले होते, किरणोत्सर्गाच्या कामात जीव कसा वाचवायचा हे एकमेकांना सांगायला.

बिरदेवच्या बापानं मेंढरं राखली. हा लोखंडाचे फोटो काढायचा, इंदापूरकडच्या एका ठेकेदाराकडं. अणुभट्टीचे जाड पाइप जोडले की जोडात भेग राहिली का, ते किरणांनी बघतात. किरणं सोडणारा तुकडा बोटाच्या पेराहून लहान. जड पेटीत असतो. तारेनं नळीतून बाहेर ढकलायचा, फोटो घ्यायचा, परत आत ओढायचा. कामगाराच्या छातीवर बिल्ला. अंगाला किती किरणं लागली ते त्या बिल्ल्यावरनं कळतं. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. आकडा वाढला की माणूस त्या कामावरनं बाजूला. म्हणून आमची शहाणी माणसं बिल्ला कपाटात ठेवून कामाला जायची. कपाटाची किल्ली बिरदेवकडं. तो बघायचा आणि बघितलं नाही असं दाखवायचा.

एके दिवशी तो तुकडा पेटीत पुरता गेलाच नाही. किरणं मोजायच्या मीटरनं तपासायचं राहिलं, आणि बिरदेवच्या हाताखालच्या लखननं नळी हातानं गुंडाळली. त्याचा बिल्ला कपाटातच होता. आठ-दहा दिवसांत त्याची बोटं फुगली, पुढं काळी पडली. उजव्या हाताची दोन कापली. कळंबच्या या पोरानं भरपाईचा अर्ज केला, तर उत्तर आलं : बिल्ल्यात काहीच नोंद नाही, सबब अपघात झालेला नाही.

बँकॉकला पाठवताना ठेकेदारानं बिरदेवच्या हातात कागद दिला होता. पंधरा वर्षांत एकही अपघात नाही, एवढंच वाचायचं. पण त्याच्या आधी व्हिएतनामची एक बाई उठली. आमच्याकडं बिल्ले शेडबाहेरच्या झाडाला टांगतात, म्हणाली, आणि रडायलाच लागली. दुभाष्यानं ते सांगितल्यावर बिरदेवनं कागद खिशात घातला आणि लखनचं सगळं सांगून टाकलं. कपाटाची किल्ली आपल्याकडं होती, हेसुद्धा. मग फिलिपिन्सचा एक उठला, मग बांगलादेशचा. शेवटी ठरलं की एका देशातला अपघात बाकीच्यांना लगेच कळवायचा, म्हणजे तीच चूक दुसऱ्या कुणाचा हात खाणार नाही.

परतल्यावर ठेकेदार म्हणाला, "चुकून बोललो, असं लिहून दे." बिरदेवनं लिहून दिलं, पण लखनला, आणि त्यात खरं ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला फाटकातनं आत सोडलं नाही. आता इंदापूर रस्त्यावर टायरमध्ये हवा भरतो. त्याच्या लिहिण्यानं लखनचा अर्ज पुन्हा उघडला खरा, पण तो कुठल्या टेबलावर पडलाय ते कुणी सांगत नाही. लखन डाव्या हातानं जेवायला शिकला.

परवा हवा भरायला गेलो आणि राहवलं नाही. "बिरदेवराव, येवढं इमानानं गेलात, निदान समुद्र तरी बघून यायचा! तितं उभं राहून सोताच्याच पायावर धोंडा मारून घेतलासा."

"व्हय," म्हणाला आणि चाकाशी बसला.

"आन् लखनला काय मिळालं? बोटं उगवली का त्याची?"

त्यानं हवेची नळी चाकाला लावली.

"न्हाय उगवली. पण सर्जेराव, कागदावर ती आजून शाबूत हायती. कागदावरची कापायला कुणी जायाचं, तुमी?"