पडद्यामागून पाहिलेले हरीण

सांगोल्याच्या एका गृहस्थाचा पाण्याच्या टँकरसंबंधीचा अर्ज निम्म्यावर आला असताना मल्लेशअण्णांच्या मुलीचा फोन आला. "काका, अण्णा गेले... सकाळी चहा मागितला, आणि मी कप घेऊन येईस्तोवर गेले." जिल्हा कचेरीबाहेरच्या कडुलिंबाखाली मी आजवर असंख्य वारसनोंदींचे अर्ज लिहिले. माझ्या मसुद्यावर कोणा कारकुनाला बोट ठेवता आलेले नाही. त्या दिवशी मात्र 'तरी सविनय विनंती की' एवढे लिहून पेन जे थांबले, ते पुढे सरकेना.

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घराण्यातले. चादरीवरचा मोर मागावर उतरतो तो जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना पाडलेल्या भोकांवरून. ती भोके पाडण्यात त्यांचे आयुष्य गेले. आधी गिरणीत, आणि गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्यात. निवृत्तिवेतनाच्या अर्जासाठी ते माझ्याकडे आले आणि अर्ज मंजूर झाल्यावरही येतच राहिले. मला ते 'वकीलसाब' म्हणत. मी वकील नाही हे त्यांस ठाऊक होते, आणि मीही कधी त्यांची दुरुस्ती केली नाही.

त्यांना वेड होते ते परदेशी चित्रपट कंपन्यांच्या छापांचे. चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर जे चिन्ह झळकते, त्याच्यासाठी ते तिकीट काढीत. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून वाचलेले मी त्यांना सांगत असे : अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, भरपूर ऊन मिळते म्हणून, उघड्या माळावर या कंपन्या कशा उभ्या राहिल्या, सुतार, शिंपी, रंगारी, नट-नट्या सगळे एकाच आवारात पगारावर कसे होते, आणि चित्रपट दाखवायची थिएटरेसुद्धा त्यांच्याच मालकीची कशी होती. अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजे गिरणीच की ती! सूत आपलं, रंग आपला, माग आपला, दुकानबी आपलंच!" पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने थिएटरे त्यांच्या हातून सोडविली, मग घरोघर टीव्ही आला, मालक बदलत गेले, असे मी विस्ताराने सांगितले. त्यावर ते म्हणाले, "गिरणी गेली तरी छाप ऱ्हायला की, वकीलसाब. आमच्या गिरणीचा कुटं ऱ्हायला? जन्मभर दुसऱ्याचे मोर पाडले मी. एक चादर माझ्या मनासारखी पाडणार."

आणि त्यांनी ती पाडली. कड्यावर मान उंचावून उभे राहिलेले हरीण, वर कमानीत इंग्रजी अक्षरे. कोठल्याशा कंपनीचा हा छाप त्यांनी लहानपणी संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेतील तंबूच्या सिनेमात पाहिला होता. नंतर मोठ्या थिएटरांतूनही पाहिला असेल, परंतु हात गेला तो त्या पहिल्या चित्रावरच. कारखान्याच्या मालकाच्या मिनतवाऱ्या करून, रिकाम्या मागावर त्यांनी चादर उतरवली आणि मला सोबत घेऊन व्यापाऱ्याच्या पेढीवर नेली. व्यापाऱ्याने ती पसरली आणि तो खो खो हसत सुटला. "अण्णा, अक्षरं उलटी हायत की! गिऱ्हाइकानं काय आरसा धरून पांघरायची व्हय?"

अण्णांचा चेहरा सुतासारखा पांढरा पडला. चादर काखेत मारून ते माझ्यासोबत घरी परतले. मग उंबऱ्यावर बसून म्हणाले, "मागचं तिकीट स्वस्त हुतं. आमी पडद्याच्या मागनंच बघायचो, वकीलसाब..."

मी स्तिमित झालो. समुद्रापलीकडे कोणी एक छाप काढतो, तो यात्रेतल्या तंबूत विणकराचे एक पोर उलट्या बाजूने पाहते, आणि सबंध आयुष्य उलटून गेल्यावर तो शिंगाच्या टोकापर्यंत जसाच्या तसा मागावर उतरतो... केवढी ही त्या छापाची पोहोच!

एवढ्यात त्यांच्या पत्नी नरसम्मा बाहेर आल्या. "अय्यो, चादरीला दोन बाजू असत्यात. जन्म गेला तरी मीच सांगू का?" असे म्हणून त्यांनी चादर पालथी केली. आमच्या चादरीत मागच्या बाजूस रंगांची अदलाबदल होते आणि चित्रही फिरते. तांबड्यावरचे पांढरे हरीण पांढऱ्यावर तांबडे झाले, मान योग्य दिशेला वळली, आणि अक्षरे सरळ झाली. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. अण्णांनी ऐकून घेतले. मग सावकाश उठून त्यांनी चादर पुन्हा पहिल्यासारखी केली. "ती बाजू समोर बसणाऱ्यांची. माझी ही."

त्या चादरीसारखी दुसरी कधी निघाली नाही. तेराव्यानंतर नरसम्मांनी ती माझ्या हाती दिली. आता ती कडुलिंबाखाली माझ्या टेबलावर, अण्णांची बाजू वर ठेवून, अंथरलेली असते. परवा जुळे सोलापूरचा एक शिकलेला तरुण अर्ज लिहून घेताना म्हणाला, "काका, चादर उलटी टाकलीय तुम्ही."

"तुम्ही समोर बसलाय," मी म्हणालो, आणि हरणाच्या पायाशी कागद सरळ करून त्याचा अर्ज लिहू लागलो.