आमटीला आलेला फेस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. म्हणजे — अर्धं सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या नणंदेच्या लग्नात, मुलाकडच्या पहिल्याच पंगतीला, मी आमटीत शिकेकाई घातली. हो, केस धुतात तीच. चिमूटभर नाही, पितळेचा डबा भरून! आमच्या घरात कुणाचंही लग्न निघालं की हा किस्सा निघतो. माणसं हसून हसून ठसकतात. मीही हसते, पदर तोंडाला लावून. पण किश्श्याचा उरलेला अर्धा भाग आला की मी उठून आत जाते. पाणी प्यायला. पन्नास वर्षं मला त्याच वेळी तहान लागते, हे अजून कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

परवा माझी नातसून रात्रीचं जेवण करत होती. करत होती म्हणजे काय — चकचकीत पाकीट फाडलं, गरम पाण्यात ओतलं, डाल तयार. स्वस्त, झटपट, आणि खरं सांगायचं तर चवीला वाईट नाही. नंतर तिनं ते रिकामं पाकीट केराच्या डब्यात अगदी तळाला, दुधीच्या सालांखाली दडवलं. मला दिसू नये म्हणून! बिचारी. तिला काय माहीत, तिच्यासमोर कोण बसलंय ते.

आमच्या काळी पाकीट नव्हतं, येसर होतं. मराठवाड्यातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, सुकं खोबरं, मसाले — एकेक वेगळं भाजायचं आणि एकत्र दळून ठेवायचं. मग चुलीसमोर उभं राहायचा कंटाळा आला की पाणी उकळायचं, त्यात दोन चमचे येसर कालवून सोडायचं, वरून लसणाची फोडणी. झाली आमटी. भाकरी कुस्करली की जेवण झालं. लग्नाच्या आधी तर घरोघर बायका जमून येसर करतात, आणि पंगतीला येसराची आमटी नसेल तर पाहुणे त्याला लग्न म्हणायला तयार नसतात.

मी तेव्हा सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. बोटं मशीनवर अशी चालायची की साहेब थांबून बघत. स्वयंपाकघरात मात्र तीच बोटं लाकडाची व्हायची. माझी पोळी बघून आमचे हे एकदा म्हणाले होते, "यावर कोणत्या जिल्ह्याचा नकाशा काढलाय?" औरंगाबादेत, पुंडलिकनगरला आमच्या दोन खोल्या. कचेरीतून यायला सात वाजायचे, आणि सातनंतर चूल पेटवायची म्हटलं की मला रडू यायचं.

अशा वेळी मला गोदामावशी सापडली. मुकुंदवाडीला, स्टेशनाच्या अलीकडच्या गल्लीत एकटी राहायची. नवरा नाही, मूल नाही. एक चूल, एक जातं, आणि तिच्या हातचं येसर. लग्नसराईच्या दोन महिन्यांवर तिचं वर्ष निघायचं. मी आठवड्याला एक पुडी घ्यायची, पिशवीत फायलीखाली दडवायची, आणि घरी येऊन रिकामी पुडी — कुठं टाकायची ते नातसुनेला विचारा.

एक दिवस सासूबाई पाचोडहून न कळवता आल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. मी घाबरून आमटी केली. त्यांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, वाटी पुढं केली.

"हे येसर कुणी केलं गं?"

काय बिघडलं असतं, विकतचं म्हटलं असतं तर? पण मी म्हणाले, "मीच. आईनं शिकवलंय." माझ्या आईनं उभ्या जन्मात येसर केलेलं नाही. ती शाळेत गणित शिकवायची आणि येसर विकत आणायची.

आत्याबाई पाचोडला जाऊन सांगत सुटल्या — "सून दिसायला बावळी है, पन हाताला चव लई है." बावळी तर बावळी, मला ते वाक्य सोन्याच्या पाटल्यांसारखं वाटलं. वर्षभर मी ते मिरवलं. आणि मग सुमनवन्संचं लग्न ठरलं, तेव्हा आत्याबाईंनी चार बायकांत जाहीर केलं, "येसर आमची सूनबाई करनार. पंगतीचं समदं."

आता बघा, खोटं बोलणाऱ्या माणसाला एक मोठेपणा चढतो. मी म्हणाले, "करीन. पण आमच्या माहेरची रीत आहे, येसर भाजताना परक्या नजरेनं बघायचं नाही. मी औरंगाबादेहून करूनच आणते." नजर म्हणे! सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. एकीनं तर ही रीत आपल्याकडंही पूर्वी होती म्हणून सांगितलं.

मी गोदामावशीकडं गेले. पायलीभर येसर मागितलं. लग्नाचं आहे हे सांगितलं नाही. न जाणो, आमच्यापैकी कुणाच्या कानावर गेलं तर? कचेरीतल्या बायकांनी मिळून मागवलंय म्हणाले. नवरीच्या न्हाणाची शिकेकाई आणायची जबाबदारीही माझ्याकडंच होती, तीही तिच्याचकडून घेतली, पुढं वर्षभर घरात पुरावी म्हणून पायलीभरच. मावशीनं दोन कापडी पिशव्या भरल्या आणि एकीला लाल दोरा बांधला. "लाल दोऱ्याची शिकेकाई है, ध्यानात ठिव. रंग सारखाच दिसतो."

ध्यानात ठेवलं ना! पण घरी येऊन मला वाटलं, माहेरचं येसर कापडी पिशवीत कसं शोभेल? म्हणून आईचे दोन पितळेचे डबे काढले, चिंचेनं लखलखीत घासले, पिशव्या त्यांत रिकाम्या केल्या, दोरा केरात टाकला. कोणता डबा कशाचा? मला पक्कं माहीत होतं. नाक सर्दीनं बंद होतं, पण नाकाची गरजच काय?

लग्नाच्या सकाळी नवरीला न्हाऊ घालणारी मामी म्हणाली, "अगं सूनबाई, ही कसली शिकेकाई? फेसच येईना. अन् धन्याचा वास येतोय."

"आमच्याकडची अशीच असते," मी म्हणाले. "भाजून करतात."

सुमनवन्सं येसर लावून बोहल्यावर उभ्या राहिल्या. अंतरपाटापलीकडं नवरदेव दोनदा शिंकला. भटजींना, का कोण जाणे, त्या दिवशी लवकर भूक लागली. आणि मला? मला काहीच कळलं नाही. मामीनं चक्क सांगितलं होतं. पण आपलं खोटं सांभाळत बसलेल्या माणसाला दुसऱ्याचं ऐकू येतं कुठं?

आचाऱ्याला मी येसराला हात लावू दिला नाही. मोठ्या हंड्यात पाणी खळखळत होतं, मी स्वतः डबा उपडा केला. फेस वर आला.

"वैनी, उतू चाललंय," आचारी म्हणाला.

"जाऊ द्या. शुभ असतं," मी म्हणाले.

पहिल्या पंगतीला मुलाकडचे चुलते बसले होते. भरघोस मिशा. त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. मिशांवर बुडबुडे! ते एकेक करून फुटत होते आणि सगळी पंगत बघत होती.

"ईहीनबाई," ते आत्याबाईंना म्हणाले, "जेवायला बोलावलंय का आंघोळीला?"

इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. इथं सगळे हसतात. आणि इथंच मला तहान लागते.

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांना नुसतं कळत नव्हतं. "सूनबाई? हे कसं झालं गं?"

चूक झाली, डबे बदलले — एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. येसर विकतचं आहे हे सांगायचीसुद्धा गरज नव्हती. पण मग मी बावळी ठरले असते, आणि हाताची चवही गेली असती. मी म्हणाले — मी अगदी शांतपणे म्हणाले — "मी भाजलं नीट होतं, आत्याबाई. दळायला तेवढं मुकुंदवाडीच्या गोदाबाईकडं टाकलं होतं. तिनंच शिकेकाई मिसळली. वजन भरायला."

वजन भरायला! हे कुठून आलं? मला कुणी विचारलं नव्हतं. शिकेकाई येसरापेक्षा स्वस्त असते की महाग, हेही मला माहीत नव्हतं. पण असं जोडल्यावर खोटं कसं भक्कम झालं. मामीला सकाळचा धन्याचा वास आठवला, तोही मी गोदाबाईच्याच नावावर घातला. आत्याबाईंनी मला जवळ घेतलं. "लेकराची मेहनत मातीत घातली मेलीनं," म्हणाल्या. आचाऱ्यानं घाईनं पिठलं टाकलं, पंगत उठली, लग्न लागलेलंच होतं. माझी चव शाबूत राहिली.

पंगतीत मुकुंदवाडीच्या चार सोयऱ्या होत्या. मी परत यायच्या आधी माझं वाक्य तिथं पोचलं. पुढं कुणाचं लग्न, कोणती आमटी, हे सगळं गळून गेलं. एवढंच उरलं की गोदाबाई येसरात भेसळ करते. तिला तोंडावर कुणी काही बोललं नाही. बायकांनी फक्त जाणं बंद केलं.

दीड महिना मी तिकडं फिरकले नाही. मग गेले. का गेले? माफी मागायला? छे. घरातलं येसर संपलं होतं.

ऐन लग्नसराई होती. मावशी दारात बसली होती. जात्यावर गोणपाट टाकलेलं. मला बघून ती उठली, पाणी दिलं, आणि म्हणाली, सराईच्या सुरुवातीला तिचं येसर सात-आठ लग्नांना गेलं, त्यानंतर मात्र एकानंही बोलावलं नाही. कुणीतरी नावानं बोंब मारलीय. "तू चार लोकांत जातीस-येतीस. तुझ्या कानावर काय आलं का गं, कोन म्हनलं असंल?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

मी लहान होते असं म्हणू का? सत्तावीस वर्षांची होते. घाबरले होते? पाचोडात घाबरले असेनही, पण तिथं, तिच्या दारात, मला कुणाची भीती होती? तिथं मी फक्त एक पुडी घ्यायला आले होते, आणि खरं बोलले तर ती पुडी मिळणार नाही, असं माझ्या मनात आलं. हो, हेच आलं. दिवाळीच्या आधी ती खोली सोडून पैठणकडं बहिणीकडं गेली. पुन्हा मला ती दिसली नाही, आणि दिसावी म्हणून मी कधी पैठणला गेलेही नाही. आत्याबाई गेल्या, हे गेले, सुमनवन्संना नातवंडं झाली. त्या घरात 'ती भेसळवाली बाई' अजून तशीच आहे.

त्या दिवशी मी मान हलवली तेव्हा तिनं माझ्या हातातला पाण्याचा पेला घेतला. मग जात्यावरचं गोणपाट काढलं, झटकलं, आणि म्हणाली — शब्द जसेच्या तसे सांगते —

"लोकाला काय म्हनायचं ते म्हनू दे, पोरी. तू एकटी तरी आलीस. बस जरा, तुला ताजं भाजून देते."