गॅलरीत साड्यांचा सेल, पल्लवीची माती उन्हात

अन् तरी तुम्ही म्हणता, कॉलेजात पोरीले सगळं मिळते! मागं याच ग्रुपवर माझ्यावर हसले होते ना? मग आजचं ऐका.

माझी बहीण पल्लवी नागपूरले मूर्तिकाम शिकते. मी इकडे सुरतेत मिलमध्ये. परवा होणाऱ्या परीक्षेसाठी तिनं बाबांचा चेहरा मातीत घडवला. अशी माती ओल्या पोत्यात ठेवा लागते, नाहीतर तडकते. स्टुडिओत जागा नाही म्हणून पोरांची कामं गॅलरीत होती. आज कॉलेजनं गॅलरी साड्यांच्या सेलले भाड्यानं दिली अन् कामं गच्चीवर, उन्हात नेऊन ठेवली.

दुपारी तिचा फोन आला. "दादा, बाबाचा कान पडला गा."

"रडू नको वं. पोतं भिजव आधी."

मैत्रिणीच्या मामाचं नागपूरजवळच्या वाडीत गोडाऊन आहे. दोघी चेहरा मांडीवर घेऊन ऑटोत बसल्या. मी मशीन सोडून फोनवरच. प्रत्येक खड्ड्याले माझा जीव वर.

"ऑटोवाल्याले सांग, हळू चालव."

"तो विचारून राहिला, मुंडकं कोणाचं आहे?"

"माझ्या बापाचं, सांग त्याले!"

पोचल्या. कान परत बसला, पण गालावर चीर गेली. आता रात्रभर ती बुजवत बसणार.

मले एवढंच सांगा, स्टुडिओ अन् गॅलरीच्या नावानं फी घेता, तर पोरांच्या कामाले तिथं जागा काहून नाही?

मामा गोडाऊनचा कोपरा महिन्याच्या भाड्यानं द्याले तयार आहे. पल्लवी, तूही या ग्रुपवर आहे ना, भाड्याचे पंधराशे टाकून राहिलो.