तृतीयेची ओहोटी

रेखामावशींचा ट्रक अमेयने समुद्रात घातला, तो अज्ञानापायी नव्हे, आदरापायी.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या या बेटापासून शेजारच्या चिमुकल्या बेटापर्यंत वाळूचा एक दांडा जातो. ओहोटीच्या आगेमागे दीड-दीड तास तो उघडा असतो, एरवी त्यावर दोन पुरुष पाणी. मावशी पाण्याची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरती, हे त्या कोकणात, आचऱ्याच्या खाडीकाठी परकरात शिकल्या.

"आज वद्य तृतीया," सकाळी त्या म्हणाल्या होत्या. "भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी आठला. ट्रक घे आणि पलीकडून माझी पिल्लं घेऊन ये."

अमेय बार्शीचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी, पण आता बॉस्टनमध्ये इंजिनिअर, सुट्टीला मावशींकडे आलेला. त्याच्या लक्षात आलं की जूनमध्ये इथली घड्याळं तासभर पुढे असतात आणि मावशी तो तास विसरल्या. आईची मैत्रीण, वय त्र्याहत्तर, तोंडावर चूक कशी दाखवायची? त्याने मनातल्या मनात आठचे नऊ केले आणि पलीकडे सावकाश कॉफी घेतली.

दहा वाजता परतताना वाळूवर पाण्याचा नुसता पापुद्रा होता. मध्यावर चाकं रुतली. पाच मिनिटांत पापुद्र्याची धार झाली आणि धार दारापर्यंत चढली.

ट्रकमध्ये ओल्या गोणपाटाखाली पलीकडच्या पैदास केंद्रातली शिंपल्यांची सहा हजार पिल्लं होती, नखाएवढी. गावाचा नियम असा, की ज्याला चिखलातून शिंपल्या काढायच्या, त्याने दरवर्षी ठरलेले तास पिल्लं लावायचीही. मावशींचे शेवटचे चार तास बाकी होते आणि पिल्लांची ही शेवटची खेप. ती वाया गेली तर एकतीस वर्षांचं लायसन्स जाणार, आणि नव्या लायसन्सची रांग सात-आठ वर्षांची.

मावशींचे यजमान नरेंद्रकाका या बेटाचे डॉक्टर होते. ते गेले तेव्हापासून इला, त्यांची मुलगी, दर रविवारी शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून फोन करते, "आई, प्लीज, बी रीझनेबल. इकडे ये." मावशींचं उत्तर ठरलेलं: "माझं लायसन्स आहे ना इथलं." काका गेल्यावर त्यांना रोज घराबाहेर काढलं ते या चिखलाने. ग्रॅनाइटच्या काळ्या खडकांमधली ती खाडी, खडकावर लोळणारे सील, आणि ओहोटीला येणारा तो वास, जो म्हणे थेट आचऱ्याचा. लायसन्स गेलं की नेपरव्हिलला नाही म्हणायला कारणच उरणार नव्हतं.

अमेयने हॉर्न दाबून धरला. काठावरून मावशी मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून पाण्यात शिरल्या, आणि त्यांच्या मागे शेजारचा वेंडल आपली सपाट होडी वल्हवत आला. तो लॉब्स्टर धरतो आणि दिवसाला साधारण अकरा शब्द बोलतो.

"ट्रॅक्टर आणतो, नाहीतर होडी भरतो," तो म्हणाला. "दोन्ही जमणार नाही."

ट्रक काकांचा होता. अजून त्यांचा चष्मा त्यात पडलेला असे. मावशींनी खिडकीतून हात घालून चष्मा तेवढा काढला आणि खिशात टाकला.

"पिल्लं," त्या म्हणाल्या.

तिघांनी पिल्लांचे ट्रे होडीत घेतले. वेंडलच्या धक्क्याखाली पाण्यात टांगून ठेवले. ट्रकच्या टपावर भरतीने एक सीगल बसवला.

"मावशी, तुमचा तो घड्याळाचा एक तास..." अमेय काकुळतीने म्हणाला.

"मला शिकवतोस? इथलं पाणी आपल्याकडल्यापेक्षा मुळातच तासभर घाईचं. उन्हाळ्यात यांनी घड्याळ पुढे ढकललं, की आपोआप जुळतं. हिवाळ्यात मी तास वजा करते."

"मग सांगायचं ना!"

"तू विचारायचं ना! बार्शीला विहिरीत तरी भरती येते का रे, दीडशहाण्या?"

संध्याकाळी साडेआठच्या ओहोटीला उजेड होता. गुडघाभर चिखलात तिघांनी पिल्लं पेरली आणि खेकड्यांनी खाऊ नयेत म्हणून वरून जाळी अंथरली. अमेयचा एक बूट चिखलाने ठेवून घेतला. गावाच्या वतीने तास लिहायला आलेल्या बाईंनी चार जिवंत पिल्लं नखाने चाचपून वहीत सही केली. मावशी तेव्हा कुठे चिखलातच खाली बसल्या आणि खूप वेळ उठल्या नाहीत.

घरी येऊन मावशींनी अमेयला वरणभात वाढला, वर तूप. एवढं नुकसान करून कुणी आपल्याला तूप वाढतं, हे इंजिनिअरिंगमध्ये शिकवत नाहीत.

इलाला पुढच्या रविवारी पुन्हा तेच उत्तर मिळालं.

वेंडलचा दिवसभराचा धंदा बुडाला होता. किती पैसे द्यायचे, असं अमेयने विचारलं, तर तो दुखावल्यासारखा बघायला लागला. बेटावर पाण्यातून काढल्याचे पैसे घेत नाहीत, बुडालेल्या दिवसाला आपला एक दिवस देतात. म्हणजे पहाटे होडीवर उभं राहून सडक्या हेरिंग मासळीचं आमिष पिंजऱ्यांत भरायचं. अमेयचं घर माळकरी, मासळीला हात न लावणारं. दोन उन्हाळे झाले, तो येतो, मावशींची जाळी अंथरतो, वेंडलला मनापासून हात जोडतो, पण होडीवर काही चढत नाही. वेंडल एकच शब्द बोलतो, "कधी?"

अमेय म्हणतो, "पुढच्या तृतीयेला, नक्की."