बटण नसलेला शर्ट

पहिल्यांदा ती लक्षात राहिली ती मूठ तुटलेल्या छत्रीमुळे. रणरणत्या उन्हात छत्री उघडायची सोडून छातीशी धरून ती रस्ता ओलांडत होती. दारात बसलेला शिंपी हसून म्हणाला, "ताई, आज छत्रीचा धडा वाटतं?"

शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत ती संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची, लिहायचं आणि बोलायचंही. फी गोळा करणारी धाकटी बहीण तिला ताई म्हणायची, म्हणून सगळ्यांचीच ती ताई. तिच्या वर्गाचा एक अजब नियम होता. येताना घरातली बिघडलेली वस्तू आणायची. मग उभं राहून म्हणायचं, "द बटन हॅज टू बी स्टिच्ड," किंवा "द स्टूल नीड्स टू बी रिपेअर्ड." कोणी करायचं ते सांगायची गरज नाही, काय व्हायला हवं तेवढं सांगा. वाक्य फळ्यावर लिहिलं की हत्यारं निघायची. वस्तू नीट केल्याशिवाय घरी जायचं नाही. नुसत्या बोलाच्या कढीनं पोट भरत नाही, असं ताईचं म्हणणं.

एका बसड्रायव्हरनं विचारलं होतं, सासूबाईंना आणलं तर चालेल का?

"आणा की," ताई म्हणाली, "पण दुरुस्त झाल्याशिवाय परत नेता येणार नाही."

हसून हसून माडी हलली. एरवी इंग्रजीत तोंड न उघडणारा तो ड्रायव्हर त्या दिवसापासून बोलू लागला.

मग ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. धाकटीनं तिच्या उशाशी बसून सांगितलं, तू डोळा सांभाळ, वर्ग मी बघते. डोळ्यावर पट्टी असताना ताईनं तिला सगळं शिकवलं. वाक्यं कोणत्या क्रमानं घ्यायची, लाजणाऱ्याला कधी उठवायचं, सासूबाईंचा विनोद कुठे सांगायचा. सगळं तिच्या तळहातावर ठेवावं तसं.

बरी होऊन ती माडीवर गेली, तर खोलीत कापडाचे गठ्ठे. शिंप्यानं मान वर केली नाही. "धाकट्या बाईंनी चौकात मोठी जागा घेतली ना. मला वाटलं, तुमच्याच विचारानं."

चौकातल्या काचेच्या दारावर बहिणीचं एकटीचं नाव होतं. आत खुर्च्या गच्च भरल्या होत्या. सासूबाईंचा विनोद नेमक्या जागी आला आणि लोक हसले. बहिणीच्या हातात इस्त्रीचा शर्ट होता, बटण नसलेला. सगळ्यांनी एका सुरात वाक्य म्हटलं, वर्ग सुटला, आणि शर्ट घडी घालून कपाटात गेला. बटण एका डबीत.

"ताई? अगं, मी येणारच होते सांगायला."

"बटण का नाही लावलं?"

"लावलं तर पुढच्या बॅचला काय दाखवू?" बहीण डबीचं झाकण लावत म्हणाली. "आणि तुझ्या डोळ्याचं काय होईल, कुणाला ठाऊक होतं? लोक थांबतात का?"

"तुझा डोळा असता तर मी थांबले असते."

"थांबली असतीस गं. म्हणून तर जन्मभर शिंप्याच्या माडीवर राहिलीस."

रविवारी एखादा तास घेत जा, लोकांना बरं वाटेल, असंही ती म्हणाली. ताई काचेचं दार ढकलून बाहेर पडली. केसानं गळा कापणं हा वाक्प्रचार तिला लहानपणापासून पाठ होता. कापणाऱ्या हाताला आपणच अक्षर गिरवायला शिकवलेलं असतं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

बहिणीचा वर्ग जोरात चालला आहे. तिचा फोन आला की ताई उचलते, तब्येत बरी आहे म्हणते आणि ठेवून देते.

हल्ली ती घरीच, जेवणाच्या टेबलाशी शिकवते. चार-पाच जण येतात, त्यांत तो ड्रायव्हरही असतो. ताईला आता बारीक दिसत नाही. सुई तोच ओवून देतो, बटण ताई लावते.