मॅडमनी विचारलं तेव्हा

हे आजवर मी कुणाच्या कानावर घातलेलं नाही. सख्ख्या भावाच्याही नाही — आणि बाटली तर त्यानंच आणून दिली होती. मग तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. पोटात मावेनासं झालंय, एवढंच.

आमचं घर येवल्यात, पैठणी विणणारं. नवरा मागावर, मी रेशमाच्या कांड्या भरून द्यायला. विणता विणता ते नुसता हात पुढे करायचे, मी त्यावर कांडी ठेवायची. रंग बरोबर आहे का, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. मी दिला म्हणजे बरोबरच असणार — असा आमचा संसार होता.

मग त्यांना ब्लड कॅन्सर निघाला. नाशिकला केमो सुरू झाली, राहायला तिथंच अंबडला भावाच्या खोलीत. पोटात पाणीसुद्धा ठरेना. घोटभर पेज दिली की लगेच बादली. माणूस डोळ्यांदेखत विरत चाललेला, आणि मी — मी काय करणार होते? भावानं मोबाइलवर कुठंतरी बघून गांजापासून काढलेलं तेल आणलं. म्हणाला, "ताई, केमो सोडायची नाय. तिच्या जोडीला द्यायचं. रक्तातला कॅन्सर मरतो म्हणे."

पण यांचे वडील गांजापायीच गेलेले. घरात त्याचं नाव काढायची चोरी. म्हणून मी ते तेल भातावरच्या तुपात कालवलं. ताट पुढे केलं. ते न बघता जेवले.

आणि काय सांगू — गुण आला! उलट्या थांबल्या, झोप लागायला लागली. एकदा तर चक्क शेवभाजी मागितली. मला वाटलं, जिंकलो आपण.

मग त्यांचे डोळे पिवळे झाले.

इथपर्यंतच्याला चूक म्हणा, अडाणीपणा म्हणा, मी मान खाली घालून ऐकेन. खरं सांगायचंय ते याच्या पुढचं.

कॅन्सरच्या मॅडमनी रिपोर्ट पाहिले. लिव्हरला सूज होती. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "दुसरं काही देताय का? झाडपाला, तेल, काहीही? मी रागवणार नाही. पण मला कळायला हवं." याहून सोपं कुणी काय विचारायचं? हेच हसून म्हणाले, "नाय मॅडम, हिच्या हातचंच खातो." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, काही नाही.

कुणाला भ्याले? पोलिसांना? मॅडमना? नाही हो — यांना. यांच्या मनातून उतरेन, म्हणून. त्यांच्या जिवापेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटली.

मॅडमनी मग केमोतल्या एका औषधाला दोषी धरलं. तेच सगळ्यात जालीम होतं, आजाराला तेच आवरत होतं. ते बंद केलं. मी खोलीवर आल्या आल्या बाटली मोरीत ओतली. डोळे निवळत गेले, तशी मॅडमची खात्री पटली, आणि ते औषध पुन्हा सुरू झालंच नाही. तेलानंच झालं होतं का? मला ठाऊक नाही. ठाऊक नव्हतं, म्हणूनच तर सांगायला हवं होतं! दर खेपेला मी मॅडमसमोर बसत होते. दर खेपेला वाटायचं, आज बोलू — आणि उठून यायचे. आजार उलटला.

शेवटी शेवटी त्यांना बोलतानाही धाप लागायची. माझा हात धरून म्हणाले, "माझ्या अंगालाच औषध झेपलं नाय गं. तुझे लय हाल केले मी. माफ कर मला."

निदान तेव्हा तरी? खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हटलं, "केलं माफ."