वहिनींचा चाकू सुटा राहत नाही

झाडावर चढण्याआधी वहिनी रोज सकाळी चाकू हातातून सोडून देत. एकदा नाही, तीनदा. मिटलेला चाकू कमरेपाशी धरायचा आणि बोटं मोकळी करायची. चाकू खाली जायचा, दोरी ताणली जायची आणि गुडघ्याच्या चार बोटं वर तो लोंबकळत राहायचा. तीनही वेळा तो तिथेच थांबला की मग वहिनी दोर खांद्यावर घेत. टोळीतले लोक म्हणत, "झाली का वहिनी, चाकूची कवायत?" वहिनी त्यांच्याकडे बघतही नसत.

त्या नगरपालिकेच्या झाडतोड्या टोळीत होत्या. टोळीत माणसं पाच. चढणारी एकटी बाई म्हणजे वहिनी, आणि वहिनी म्हणायचं कारण त्यांचा सख्खा दीर त्याच टोळीत खाली फांद्या ओढायला होता. तो वहिनी म्हणतो म्हणून लंबू वहिनी म्हणे, जाड्या वहिनी म्हणे, त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असलेले मुकादमही वहिनीच म्हणत. वहिनी दिराला भावोजी म्हणत, म्हणून तेही आख्ख्या टोळीचे भावोजी झाले होते.

आता झाडावर करवत असताना घडीचा चाकू कशाला, असं खुर्चीवर बसणाऱ्यांना वाटतं. चढणाऱ्याला विचारा. फांदीला कुणीतरी कधीकाळी बांधलेल्या नायलॉनच्या दोऱ्या असतात, त्या सालीत रुततात, करवतीच्या दातांत अडकतात. वेली असतात. कापलेल्या जागेची साल फाटली की ती नीट तासावी लागते, नाहीतर तिथे पाणी मुरून झाड आतून सडतं. हे सगळं चाकूचं काम. आणि चाकू वर न्यायचा तर तो पडता कामा नये, एवढी साधी गोष्ट. वहिनींची दोरी सुती, तीन पदरी, स्वतः वळलेली. एक टोक चाकूच्या कडीत, दुसरं कमरेच्या पट्ट्यात. लांबी कमरेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत, त्याहून तसूभर जास्त नाही. जास्त असली तर फांदीत अडकते. उघडा चाकू हातातून निसटलाच तर मांडीवर आपटेल म्हणून विजारीवर तिथे चामड्याचं ठिगळ. "एवढ्याशा दोरीने हात पुरतो का?" असं जाड्याने एकदा विचारलं होतं. "हात पुरत नसेल तर आपण आणखी एक पाऊल पुढे जायचं," वहिनी म्हणाल्या होत्या, "चाकूला पुढे पाठवायचं नाही."

वर पोचून पातं उघडण्याआधी त्या ओरडत, "उघडतेय!" खालचे सगळे झाडाच्या घेराबाहेर होत आणि "मोकळं!" म्हणून ओरडत. तो आवाज आल्याशिवाय पातं उघडत नसे. मग खाली नगराध्यक्ष उभे असोत की कुत्रं.

हे शहाणपण वहिनींना फुकट मिळालेलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी त्या दोरी अंगाला न बांधता चढायच्या दोरालाच बांधत. अंगावर गुंता नको, असा त्यांचा हिशेब. नव्या चढणाऱ्याला तो हमखास सुचतो. एके दिवशी त्यांनी दोर एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर घेतला, त्या ओढाताणीत गाठ सुटली आणि उघडा चाकू खाली गेला. खाली भावोजी होते. तेव्हा तेही चढणारे होते, वहिनींपेक्षा सरस. आपली पाळी यायची वाट बघत ते दोर गुंडाळत होते. पातं उजव्या खांद्यात मुठीपर्यंत शिरलं. जीव वाचला, पण हात खांद्याच्या वर जाईना. ज्याचा हात वर जात नाही तो झाडावर काय चढणार? भावोजी उतरले ते कायमचे. त्यांनी वहिनींना एका शब्दाने बोल लावला नाही, आणि वहिनींनी स्वतःला एक दिवस माफ केलं नाही.

तर अशा बाईला चाकू कसा बाळगावा हे शिकवायला नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. कामावर लवकर यायचा, बूट स्वतः पुसायचा. पण झाड त्याने खिडकीतून पाहिलेलं. दुसऱ्या एका टोळीत कुणाच्या तरी खिशातला चाकू पडून खालच्या गाडीची काच फुटली आणि साहेबांनी हुकूम काढला की यापुढे कुणीही चाकू बाळगायचा नाही, सगळ्यांनी आपापले चाकू शेडमधल्या पत्र्याच्या पेटीत जमा करायचे.

दोन दिवसांत पेटी भरली. साहेब खूश झाले. लंबूने त्यात घरातला गंजका चाकू टाकला होता, जाड्याने मूठ तुटलेला. खरे चाकू दोघांच्या मोज्यात होते. चाकूशिवाय काम होत नाही हे त्यांनाही ठाऊक, आणि साहेबांशी वाद घालण्याची हौस कुणालाच नव्हती.

"वहिनी, तुम्हीपण एखादा भंगार टाका की पेटीत," लंबू म्हणाला. "मी आणून देऊ?"

"आणि माझा कुठे ठेवू? मोज्यात?"

"मग काय झालं?"

"लपवायचा म्हणजे दोरी काढायची. दोरी काढली की चाकू सुटा. सुटा चाकू घेऊन मी चढणार नाही, आणि चोरून तर मुळीच नाही."

लंबूने कानाला खडा लावला. वहिनी दुसऱ्या दिवशीही चाकू कमरेला बांधून, दोरी सगळ्यांना दिसेल अशी, शेडमध्ये आल्या. साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. टेबलावर जुनी फाईल उघडी होती.

"तुमच्याच हातून एक माणूस कायमचा अधू झालाय, असं इथे लिहिलंय. खरं आहे?"

"खरं आहे."

"आणि तरी तुम्हीच चाकूसाठी अडून बसता?"

"माझ्या हातून झालं म्हणूनच अडून बसते, साहेब. बाकीच्यांनी ऐकलंय, मी बघितलंय. चाकू बांधायला सांगा, मी सगळ्यांना शिकवते. टाकून द्यायला सांगाल तर माझ्याच्याने होणार नाही."

"मग सोमवारपासून तुम्ही रोपवाटिकेत. पिशव्यांत माती भरायची. तिथे चाकू लागत नाही."

वहिनी बाहेर आल्या. पिशव्या भरणं हलकं काम नाही, पण बावीस वर्षं झाडावर काढलेल्या बाईला मान खाली घालून मातीत बसवायचं, ही शिक्षा होती, आणि ती त्यांना बरोबर कळली. घरी नवरा म्हणाला, "गप पेटीत टाक आणि मोकळी हो. तुझा हट्ट म्हणजे अगदी लोखंड." त्याला त्यांनी भाकरी वाढली.

सोमवारी वहिनी रोपवाटिकेत गेल्याच नाहीत. त्या थेट दवाखान्यासमोरच्या झाडापाशी आल्या. त्या दिवशी टोळीला तिथलंच काम होतं. दवाखान्याच्या फाटकावर एक वाळकी फांदी आली होती आणि तिला जुन्या फलकांच्या नायलॉन दोऱ्यांचे वेढेच्या वेढे पडले होते. मुकादमांनी वहिनींना बघितलं आणि पाठ फिरवून ते गाडीतलं सामान उगाच वर-खाली करायला लागले. वहिनींनी चाकू तीनदा सोडला, दोर टाकला आणि त्या चढल्या.

साहेब अर्ध्या तासात आले. तोवर रस्ता अडवलेला, दोन्हीकडे गाड्या ठणाणा करत उभ्या.

"खाली उतरा!"

"काम झालं की उतरते."

"चाकू टाका खाली!"

"चाकू खाली टाकायचा नसतो, साहेब. एवढंच तर वीस वर्षं सांगतेय."

जाड्याला हसू आलं आणि त्याने खोकल्याचं सोंग केलं. साहेबांचे कान लाल झाले. ते मुकादमांकडे वळून म्हणाले, "ही बाई चाकू घेऊन वर असताना हिच्या झाडाखाली उभं राहायला कोण तयार होईल? सांगा ना! कोण?"

मुकादम बुटांकडे बघत राहिले. भावोजींनी मात्र हातातला दोर खाली ठेवला, घेर ओलांडला आणि ते सरळ वहिनींच्या फांदीखाली जाऊन उभे राहिले. हात मागे बांधून, पाय रोवून.

"मी," ते म्हणाले.

साहेबांना फाईलमधला अधू माणूस कोण, हे माहीत नव्हतं. मुकादमांनी त्यांच्या कानात सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

पण वरून जो आवाज आला तो साहेबांसाठी नव्हता. "भावोजी! बाजूला व्हा!"

"नाही होत. तुम्ही तुमचं काम करा."

"बाजूला व्हा म्हणते ना!"

"कळू दे साहेबांना, माझा विश्वास आहे ते."

"खड्ड्यात गेला तुमचा विश्वास! खाली माणूस असताना माझा चाकू उघडत नाही." आणि वहिनींनी काम थांबवलं, खोडाला पाठ लावली आणि त्या फांदीवर बसून राहिल्या. भावोजी खाली, वहिनी वर, दोघं एकाच घरातले आणि दोघंही तितकेच हटवादी. गाड्यांचे भोंगे वाढले. दवाखान्यात जायला आलेली एक म्हातारी वर बघून म्हणाली, "अगं बाई, कोण अडकलंय का तिथे?"

"साहेब," वहिनी वरून म्हणाल्या, "तुमचा नियम चार दिवसांचा. माझा वीस वर्षांचा. मी मोडत नाही. आता त्यांना तिथून काढा, नाहीतर रस्ता संध्याकाळपर्यंत असाच राहील."

साहेबांनी घेर ओलांडला आणि भावोजींचा दंड धरला.

"हा नको, साहेब, दुसरा धरा," भावोजी म्हणाले. "हा दुखतो."

साहेबांनी हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. भावोजींनी आपणच दुसरा दंड पुढे केला आणि तसे ते दोघं बाहेर आले. वहिनींनी हाळी दिली, खालून उत्तर आलं, त्यात साहेबांचाही आवाज होता, आणि मगच पातं उघडलं. नायलॉनचे वेढे एकेक करून सुटले, करवत चालली, फांदी दोराने हळूहळू खाली आली. साहेब हलले नाहीत. शेवटपर्यंत बघत होते.

वहिनी उतरल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "ही दोरी बाकीच्यांना वळून द्याल?"

"वळायला शिकवीन. वळून देणार नाही. आणि आधी त्यांना त्यांचे चाकू उघडपणे बाळगू द्या."

"पेटीतले आजच परत करतो."

लंबू आणि जाड्या एकमेकांकडे बघायला लागले. वहिनींनी त्यांची नावं सांगितली नाहीत. "पेटी नका उघडू, साहेब," त्या म्हणाल्या. "नुसता हुकूम बदला."

रोपवाटिकेचं नाव पुन्हा निघालं नाही. साहेब गेले, गाड्या सुटल्या, आणि मग वहिनी भावोजींकडे वळल्या.

"मरायचं होतं का तुम्हाला?"

"चाकू पडला नसता."

"मला माहीत आहे नसता पडला!"

"मग?"

वहिनी गाडीच्या पायरीवर बसल्या. भावोजी शेजारी बसले, डाव्या हाताने उजवा खांदा चोळत.

"वहिनी, मी उतरलो तेव्हा वाटलं होतं, चला, माझा हात गेला पण त्यातून निदान एक माणूस तरी नीट चढायला शिकला. आज हे साहेब त्याच माणसाला म्हणतात, तुम्हीपण उतरा. मग माझा खांदा कशापायी गेला? याचा हिशेब मला कुणी द्यायचा?"

वीस वर्षांत भावोजी यावर पहिल्यांदा बोलले. वहिनी तोंड न झाकता, रस्त्यावर सगळ्यांसमोर रडल्या, आणि कुणी बघतंय का याची त्यांनी फिकीर केली नाही. मग नाक पुसलं.

"फुकट नाही गेला," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा माझ्या झाडाखाली उभे राहिलात, तर मी वरून उतरेन आणि तुम्हाला हाताला धरून घरी नेऊन बसवेन. साहेबाचं ऐकलं नाही, तुमचंही ऐकणार नाही."

"बरं," भावोजी म्हणाले, आणि फांदी गाडीत चढवायला उठले. वहिनींनी तिचं दुसरं टोक धरलं.